नाना धुरींची ओरिजिनल गाडी

एप्रिल संपत आला होता. नळाचं पाणी येऊन गेलं होतं. आमचे हे खिडकीच्या गजाला आरसा टेकवून दाढी करत होते आणि मी परात मांडीवर घेऊन तांदळातले खडे वेचत होते. शाळेला सुट्टी लागलेली, त्यामुळे ह्यांची दाढी आणि माझे तांदूळ दोन्ही निवांत चाललं होतं. तेवढ्यात दार वाजलं.

आमच्या चाळीत दिवसाढवळ्या दार कुणी वाजवत नसे. येणारा माणूस "काय चाललंय?" म्हणत थेट चुलीपर्यंत यायचा. लालबागेत गेल्या चार-पाच वर्षांत दार वाजवून येण्याची सभ्यता फक्त पोलिसांनी दाखवली होती. ह्यांचा वस्तरा गालावरच थांबला.

"आता कशाला येतील?" मी म्हटलं. "परवा महाराष्ट्र होतोय की."

दारात खालच्या मजल्यावरचे नाना धुरी उभे होते. काखेत पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी, तान्ह्या बाळासारखं सांभाळून धरलेलं.

"वहिनी, एक वस्तू ठेवायची आहे तुमच्याकडे. कुणी विचारलं तर तुम्ही पाहिली नाही."

"नाना, पिस्तूल आहे काय?" ह्यांनी साबणाच्या फेसातून विचारलं.

"मास्तर, पिस्तूल असतं तर तुमच्याकडे आणलं असतं? तुम्ही दुसऱ्या तासाला वर्गात सांगितलं असतंत."

पंचा उलगडला. आत गाडीचं हँडल होतं. पुढच्या भोकात घालून गरागरा फिरवायचं, तेव्हा कुठे इंजिन जागं होतं, ते लोखंडी वाकडं हँडल.

"परवा मिरवणूक आहे," नाना म्हणाले. "समितीच्या जगदीशला माझी गाडी पाहिजे. पाहिजे तर घे रे बाबा, पण तो तिला भगवा रंग मारणार आहे. ऑइलपेंट! वर बांबू ठोकणार, बांबूवर फळ्या, फळ्यांवर सिंहासन, आणि सिंहासनावर त्याची बहीण मृणालिनी महाराष्ट्रमाता होऊन बसणार. काच आड येते म्हणून पुढची काच उतरवणार. वहिनी, मग राहिलं काय?"

"महाराष्ट्र," हे म्हणाले.

नानांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ह्यांनी मुकाट्याने दुसरा गाल घोटायला घेतला. मी हँडल तांदळाच्या डब्यात खुपसलं आणि परातीतले तांदूळ वरून ओतले. निवडायचे राहिलेले होते, पण प्रसंगच तसा होता.

नानांचं नाव शामराव. मूळचे मालवणकडचे, मिलच्या लॉरीवर ड्रायव्हर. घरात त्यांच्या बसायला दोन खुर्च्या नव्हत्या, पण बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये दोन खुर्च्यांची स्पोर्ट्स कार होती. असा माणूस लालबाग-परळात दुसरा नव्हता आणि माझ्या माहितीप्रमाणे मलबार हिलवरही नसावा.

गाडी मिलच्या विणकाम खात्यातल्या वीव्हिंगमास्तर साहेबाची. लढाईच्या आधीची, इंग्रजी बनावटीची, गडद हिरवी. बुटकी इतकी, की आत बसलेल्या माणसाला रस्त्यावरची कोंबडी डोळ्याला डोळा भिडवून बघे. सायकलीसारखी तारांची चाकं, बॉनेटवर कातडी पट्टा, डोक्यावर छप्पर नाही. साहेब तिच्यातून क्लबात जायचा. जाताना तो चालवी आणि नाना शेजारी बसत. येताना नाना चालवत आणि साहेब शेजारी झोपे. मधूनमधून साहेबाचा कुत्राही जायचा, तेव्हा नाना पाठीमागून बसने जात.

स्वातंत्र्यानंतर साहेब विलायतेला परत निघाला. गाडी कुणी घेईना. कुटुंबवाल्याला ती पुरेना, आणि पैसेवाल्याला इतकं खाली वाकवेना. शेवटी साहेबाने ती नानांना देऊन टाकली. नानांनी विचारलं, "साहेब, मडगार्डाचा पोचा काढून घेऊ का?" साहेब म्हणाला, "कीप इट ॲज इट इज, शामराव." मला वाटतं, त्याला बोटीची घाई होती. पण नानांनी ते वाक्य मृत्युपत्रासारखं धरलं. आहे तशी ठेवायची. त्यासाठी त्यांनी एक शब्द पक्का केला: ओरिजिनल.

मडगार्डाचा पोचा ओरिजिनल होता. क्लबच्या फाटकाला साहेबाने स्वहस्ते मारलेला. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर अडकलेला, तोही ओरिजिनल. टाकीत काठी घालून पेट्रोल बघावं लागे. भोंगा रबरी फुग्याचा, म्हशीसारखा आवाज काढणारा. हिंदमाता टॉकीजजवळच्या एका गॅरेजवाल्याने विजेचा नवा भोंगा फुकट बसवून देतो म्हटलं, तर नानांनी त्या गॅरेजसमोरून जाणंच सोडलं. आणि डाव्या बाजूच्या सीटच्या कातड्यावर साहेबाच्या कुत्र्याचे दात उमटले होते. येणाऱ्याजाणाऱ्याला नाना ते बोट ठेवून दाखवत, देवळातला पुजारी पादुका दाखवतो तसे.

रविवारी सकाळी चाळीतली पोरं गोळा व्हायची. नाना साहेबाचे जुने हातमोजे घालत, हँडल मारत, आणि लालबागेपासून नायगावपर्यंत जाऊन परत येत. एकटे. डावी सीट रिकामी. कातडं झिजतं म्हणून तिच्यावर कुणाला बसायची परवानगी नव्हती, आणि 'कुणाला'मध्ये कांताकाकूही आल्या.

कांताकाकू म्हणजे नानांच्या पत्नी. गोल चेहऱ्याच्या, नऊवारीतल्या, तोंडाने फटकळ. गाडीला त्या 'सवत' म्हणत. छप्पन सालच्या जानेवारीत लालबागेत गोळ्या सुटल्या, तेव्हा एक गोळी चाळीच्या भिंतीत घुसली. कर्फ्यू उठल्यावर नाना धावत आले ते आधी शेडमध्ये गेले आणि मग घरात. हे काकूंनी सगळ्या मजल्यांवर सांगितलं. "सवत बरी होती. मग माझो नंबर लागलो."

एवढं असूनही नाना संयुक्त महाराष्ट्राचे कट्टर. सभेतून आले की जिन्यावर भाषण. मुंबई वेगळी काढायची भाषा निघाली तेव्हा म्हणाले, "म्हणजे कार्बुरेटर काढून घेतात आणि म्हणतात, घ्या तुमची गाडी!" त्यांचा हिशेब सरळ होता. महाराष्ट्र असो की मोटार, ओरिजिनल म्हणजे एक तुकडा इकडचा तिकडे नाही. ती गाडी इंग्रजाची, असं कुणी हिणवलं तर म्हणत, "इंग्रज गेला. गाडी राहिली. ज्याने राहायचं ठरवलं तो आपला."

छप्पन सालीच नाना सत्याग्रहात गेले आणि त्यांना येरवड्याला नेलं. दसरा आला. दसऱ्याला नाना गाडीला एकच फूल वाहायचे, तेही काचेवर, रंगाला न टेकवता. आता नाना तुरुंगात. मग चाळीतल्या बायकांनी ठरवलं, की जो माणूस महाराष्ट्रासाठी आत बसलाय, त्याच्या गाडीची पूजा थाटात झाली पाहिजे. पुढाकार गंगुबाईंचा. देवाची भांडी असोत की लग्नाचे हंडे, घासणं हा त्यांचा प्रांत. मी तेव्हा बाळंतपणासाठी गिरगावात माहेरी होते. नंतर गंगुबाईंनीच मला सगळं अभिमानाने सांगितलं.

गाडीचे पुढचे दोन मोठे दिवे आणि रेडिएटरची चौकट मळकट पांढरी दिसत होती. तो निकेलचा मुलामा, इतक्या वर्षांत मंद झालेला. पण ज्या घरात पितळेची भांडी असतात तिथे मळकट पांढरं दिसलं की बाईला एकच गोष्ट सुचते: कल्हई जुनी झालीय, घासून काढा. चिंचेचा कोळ आला, विटकरीची पूड आली, राख आली, नारळाची शेंडी आली. दोन दिवस सगळ्या बायका आळीपाळीने बसल्या. दुसऱ्या दिवशी एका कोपऱ्यात पिवळं चमकलं आणि गंगुबाई ओरडल्या, "आत पितळ आहे गं!" मग काय विचारता. दसऱ्याला दोन्ही दिवे समईसारखे झळकत होते.

दिवाळीच्या तोंडावर नाना सुटले. चाळीने त्यांना फाटकापासून हार घालत आणलं आणि मुद्दाम शेडसमोर उभं केलं. दिवे दिसले. नाना दोन पावलं पुढे गेले, दिव्यावर हात ठेवला आणि घळाघळा रडायला लागले.

मी माहेराहून परत आले होते. बाळ खांद्याशी धरून गॅलरीतून बघत होते. मग जगदीश, चाळीच्या समितीचा चिटणीस, एका पायरीवर चढला. "पाहा," तो म्हणाला, "लाठी खाऊन ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, तो आज जनतेच्या प्रेमाने रडतोय!" टाळ्या पडल्या. गंगुबाई पुढे होऊन म्हणाल्या, "रडू नका भावोजी, पांढरेच आवडत असतील तर कल्हईवाला बोलावते. आपला ओळखीचा आहे." नाना आणखी रडले.

त्यानंतर त्यांनी दिव्यांना साहेबाचे लोकरीचे मोजे घालून ठेवले. "दिवे सोडून सगळं ओरिजिनल आहे," असं सांगताना त्यांचा आवाज खाली येई. गंगुबाईंना मात्र त्यांनी कधी एका शब्दाने दुखावलं नाही. त्या आजही समजतात की मोजे चमक टिकावी म्हणून आहेत.

हे सगळं माहीत असल्यामुळेच मी हँडल तांदळात लपवलं. दिवे गेले होते. आता रंग, काच आणि उरलीसुरली गाडी जायची वेळ होती, आणि नानांना 'नाही' म्हणायची सोय नव्हती. महाराष्ट्रासाठी सर्वस्व देईन, हे वाक्य जिन्यावर त्यांनीच आम्हाला पाठ करून घेतलं होतं.

संध्याकाळी जगदीश आलाच. मागे पोरं, पोरांच्या हातात भगव्या रंगाचा डबा आणि दोन ब्रश. सगळी चाळ गॅलरीत. मी खाली उतरले.

"नाना, गाडी चालू करा. मोकळ्यावर काढू आणि रंगवू."

"हँडल सापडत नाही," नाना म्हणाले. खोटं बोलताना त्यांची नजर आमच्या खिडकीकडे गेली, सरळ तांदळाच्या डब्याच्या दिशेने.

मला वाटलं, संपलं. पण जगदीश हसला. "हँडल नाही? उत्तम! ढकलत नेऊ. शंभर हात लागतील. महाराष्ट्र जनतेने पुढे ढकलला, गाडीही जनता ढकलेल." हा मुद्दा ना नानांच्या लक्षात आला होता, ना माझ्या. बी.ए.ला मला तर्कशास्त्र होतं.

"रंग नको," नाना एकदम म्हणाले. "जगदीश, मी स्वतः ढकलतो. पण रंग नको. बांबू नको. ती आहे तशी ने."

"आहे तशी? हिरवी? लोक म्हणतील काय? आणि काय आहे ओरिजिनलमध्ये एवढं? एका साहेबाची गाडी, तिला पोचे आलेले! तुम्ही तुरुंगात गेलात ना? मग एक रंगाचा डबा जड झाला?"

"तुरुंगात मी गेलो. गाडी नाही गेली."

"म्हणजे साहेबाचं अजून मनात आहे तर."

हे शब्द वाईट लागले. नाना गाडी आणि डबा यांच्या मध्ये उभे राहिले. नुसते उभे. रागावलेसुद्धा नाहीत. मला त्यांच्याकडे बघवेना. आणि तेवढ्यात कांताकाकू हात पुसत बाहेर आल्या.

"रे जगदीश, डबो खाली ठेव. रंग सुकाक दोन दिवस लागतत, परवा तुझी महाराष्ट्रमाता चिकटान बसतली. मी गोधडी देतंय, तिच्यावर माझो लग्नातलो शालू देतंय. गाडी झाकून टाकूया. वर झेंडूची फुलां. खिळो नको, बांबू नको. नवरीसारखी दिसात."

जगदीश विचारात पडला. शालू भगव्याच्या जवळपासच होता. पोरांना रंगवायचा कंटाळा होताच.

"पण मृणालिनी बसणार कुठे?" त्याने विचारलं.

"मृणालिनी चालत येतली. तरणी आसा. बसतलंय मी."

"तू कुठे?" नानांचा आवाज चिरकला.

"डाव्या बाजूक."

"अगो, त्या सीटचं कातडं..."

"कुत्रो बसलेलो चालता, मी बसलेली चालणा नाय?"

गॅलऱ्या हसल्या. नाना नाही हसले. खालच्या आवाजात म्हणाले, "तसं नाही गो. ओरिजिनल आहे ते सगळं. एकदा बदललं की गेलं."

मग काकू, आमच्या समजण्यासाठी असेल, मालवणी सोडून आमच्यासारखं बोलायला लागल्या. "मी माहेरी, बावशीत होते तेव्हा माझं नाव द्वारका. तुमच्या घरात आले, तुम्ही ताटात तांदूळ पसरून अंगठीने कांता लिहिलंत. मला विचारलं नाही. तेव्हा कोणी म्हणालं का, हे ओरिजिनल आहे, राहू दे?"

आमचे हे वरून बघत होते. माझंही नाव त्यांनी बदललंय, ते पटकन आत गेले.

नानांनी मडगार्डाच्या पोच्यावरून एकदा हात फिरवला. मग माझ्याकडे वळले. "वहिनी, ते तुमच्या तांदळातलं द्या."

"ढकलूया की," जगदीश म्हणाला.

"मी बसणार ती गाडी ढकलायची नाही," काकू म्हणाल्या. "हातगाडी आहे काय? चालू करून न्यायची."

मी डबा उपसला. निवडलेले आणि न निवडलेले तांदूळ एक झाले होते, त्यांतले खडे पुढे आठवडाभर माझ्या दाताखाली येत राहिले.

एक मेला संध्याकाळी मिरवणूक निघाली. लेझीम पुढे, झेंडे पुढे, मृणालिनी हातात कलश घेऊन चालतेय, आणि मागे शालू पांघरलेली, झेंडू माळलेली ती बुटकी गाडी. दिव्यांचे मोजे नानांनी स्वतः काढले होते. पिवळेधमक दिवे झेंडूत इतके शोभले, की गंगुबाईंनी भर रस्त्यात सांगितलं, "ते आम्ही घासलेले बरं का." नाना हातमोजे घालून चालवत होते. शेजारी कांताकाकू ताठ बसलेल्या, नाकात नथ, एक हात काचेवर, दुसऱ्या हाताने फुग्याचा भोंगा दाबत. घोषणा झाली की भोंगा, भोंगा झाला की घोषणा. करी रोडच्या पुलापाशी लोकांनी त्यांनाच महाराष्ट्रमाता समजून नमस्कार केले. काकूंनी ते घेतले. कोपऱ्यावर गुलाल उधळला तेव्हा मी नानांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे मिटलेले, ओठ घट्ट. गाडी मात्र सरळ रेषेत चालली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून नाना शेडमध्ये दाढीच्या ब्रशने एकेका फटीतला गुलाल काढत होते. रंगाला ओरखडा नव्हता. काच जागच्या जागी होती. शालूला मात्र ग्रीसचा डाग पडला. काकू म्हणाल्या, असू दे.

रविवारी सकाळी मी भाजी चिरत होते. दार उघडं होतं, तरी कुणीतरी कडी वाजवली. नाना. इस्त्रीचा सदरा, हातात हातमोजे.

"या ना नाना. निघालात? नायगाव?"

"ही चौपाटी म्हणतेय. जाऊन-येऊन." ते उंबरठ्यावरच उभे राहिले. "आता दर रविवारी यायचं म्हणतेय."

खालून म्हशीसारखा भोंगा वाजला. दोनदा.

"वहिनी, एक काम होतं. मी सांगितलं तर तिला राग येईल. तुम्ही शिकलेल्या, तुमचं ऐकते ती."

"सांगा की."

नानांनी हातमोज्याची बोटं एकेक करून सरळ केली.

"द्वारकेला एवढं सांगा, गाडीत मागे टेकून बसताना अंबाड्यातले आकडे काढून ठेव म्हणावं. कातड्याला लागतात."